वरचा वारा आणि बुधीबाईची चूल

पुण्याहून निघालो तेव्हा स्टेशनवर मला पोहोचवायला कोणी आलं नव्हतं, पण कचेरीतून निघताना मात्र चेष्टा करायला सगळे जमले होते. मी वेधशाळेत नोकरीला. आमचं काम आभाळातल्या वाऱ्यावर पाळत ठेवायचं. रबराचा मोठा फुगा हलक्या वायूने भरायचा, त्याच्याखाली मुठीत मावेल एवढं यंत्र कामट्यांच्या पिंजऱ्यात बांधायचं आणि द्यायचं सोडून. फुगा कोसच्या कोस उंच जातो, तिथे फुटतो आणि यंत्र कुठेतरी खाली येतं. सोबत चिठ्ठी असते. ज्याला सापडेल त्याने पोस्टात कळवायचं आणि बक्षीस घ्यायचं. माणसं कळवतात, यावर आमचा सगळा कारभार चालतो.

श्रावणाच्या अखेरीस सोडलेला फुगा माझ्या डोळ्यांदेखत पूर्वेला, हडपसरच्या बाजूला गेला आणि ढगात शिरला. भाद्रपदात पोस्टकार्ड आलं ते खालापूरहून. म्हणजे बरोब्बर उलट्या दिशेने, घाटाखालून! "फुग्याला माहेरची आठवण झाली असेल," असं एक सहकारी म्हणाले, आणि दुसऱ्यांनी मला येताना खोपोलीहून फुग्याच्या सासूलाही घेऊन या म्हणून सांगितलं. आतून मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

त्याचं कारण सांगतो. दोन वर्षं मी कचेरीत एकच गोष्ट कानीकपाळी ओरडत होतो. पावसाळ्यात आपल्या अंगाला लागतो तो वारा समुद्रावरून येतो, पश्चिमेकडून. रोज इतकी हवा आत येते, ती जाते कुठे? ती तापलेल्या मुलखावर वर चढते, तिच्यातल्या वाफेचा पाऊस होतो, पाऊस होताना सुटलेली ऊब ती अंगावर घेते आणि मग खूप उंचावरून परत फिरते, पूर्वेकडून पश्चिमेला, समुद्रावरून, पृथ्वीच्या मध्यरेषेपलीकडे, जिथे तेव्हा हिवाळा चालू असतो तिकडे. सूर्याचं वाढणं पंक्तिप्रपंचाचं. मधल्या पट्ट्याला तो भरभरून वाढतो आणि दोन्ही टोकांना उपाशी ठेवतो. नंतर फिरून वाटणी करतो तो वारा. त्याने हे काम सोडलं तर मधली माणसं भाजून निघतील आणि टोकांकडची गारठून मरतील.

वरच्या वाऱ्याची दिशा ढगांच्या फटीतून कधीमधी दिसते, नाही असं नाही. पण त्या उंचीवर थंडी किती आणि ऊब किती, याचा पावसाळ्यातला लेखी पुरावा आमच्याकडे नव्हता. तो पुरावा यंत्रातल्या पत्रीवर असतो. टपालाच्या तिकिटाएवढी रुपेरी पत्री, तिच्यावर एक सुई. हवा विरळ होईल तशी सुई आडवी सरकते, थंडी-उष्णतेप्रमाणे वरखाली होते आणि आपला मार्ग ओरखडत जाते. पावसाळ्यात सोडलेली यंत्रं एक तर सापडत नसत, नाहीतर ओढ्यात पडून पत्री गंजलेली मिळे. आमचे साहेब भला माणूस, पण त्यांचाही धीर संपला होता. या खेपेच्या पत्रीवर काही निघालं नाही तर पावसाळी फुगे कायमचे बंद, असं त्यांनी मला निघताना सांगितलं. माझी दोन वर्षांची बडबड त्या तिकिटाएवढ्या पत्रीवर येऊन ठेपली होती.

घाटात आता विजेचं इंजिन लागतं, त्यामुळे बोगद्यातून बाहेर पडल्यावर पूर्वीसारखी एकमेकांची काळी तोंडं बघून हसता येत नाही. खंडाळ्याला गाडी थोडी थांबली म्हणून चहाला उतरलो आणि दरीतून वर येणाऱ्या वाऱ्याने माझी छत्री उलटी केली. चहावाल्याने ती निमूटपणे सुलटी करून दिली. दर पावसाळ्यात एक तरी पुणेकर इथे छत्री उघडतोच, म्हणाला. चहा पिताना ढगांना जराशी फट पडली आणि फार वर पिसासारखे पातळ ढग दिसले. खालचे काळे ढग पुण्याकडे धावत होते आणि वरचे पांढरे सावकाश मुंबईकडे चालले होते. मला राहवेना. शेजारच्या पागोटेवाल्या गृहस्थांना मी ते बोट करून दाखवलं. त्यांनी वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चहा गार होतोय तुमचा, एवढंच सांगितलं.

कर्जतला उतरलो तर खोपोलीकडे जाणारी गाडी त्या दिवशी नव्हती. एक बैलगाडी खालापूरच्या बाजूला मोकळी परत चालली होती, तिच्यात बसलो. दोन्हीकडे भात निसवलं होतं (कणसं बाहेर पडली होती) आणि बांधाबांधावर तेरडा फुलला होता. डाव्या हाताला राजमाचीचा डोंगर अर्धा ढगात. कड्यावरून सुटलेल्या धारा खाली पोहोचण्याआधीच वारा त्यांना परत वर उडवत होता. गाडीवानाला मी म्हटलं, केवढा जोर आहे पाहा. तो म्हणाला, रोजचंच हाय.

पळसदरीच्या पुढे एका ओढ्याला उतार मिळेना. बैल पाण्यात पाय घालायला तयार नव्हते आणि त्यांचं चुकत होतं असंही मला वाटलं नाही. तासभर थांबलो. गाडीवानाने आपल्या फडक्यातली अर्धी भाकरी आणि सुक्या मिरचीची चटणी मला दिली. तो बैलांच्या पुढे होऊन पाणी चाचपत होता तेव्हा मीही शहाणपणा करून चिखलात उतरलो आणि डाव्या पायातली वहाण तिथेच अर्पण करून बसलो. उरलेला प्रवास एका वहाणेने झाला. ती दुसरी पायात का ठेवली होती, ते मला आजही सांगता येणार नाही.

खालापूर तालुक्याचं ठिकाण. कचेरी, दहावीस दुकानं आणि कौलांवरून सारख्या गळणाऱ्या पागोळ्या. पोस्टकार्ड लिहिणारे अब्बासभाई तिथलेच. मीठ, दोरखंड, सुकी मासळी असं त्यांचं दुकान. वय साठीचं, दाढी पांढरी आणि अक्षर मोत्यासारखं, ते मी कार्डावर आधीच पाहिलं होतं. माझा एक पाय अनवाणी त्यांनी पाहिला. आतून आपली जुनी पायताणं आणून पुढे ठेवली. पडवीत माझी झोपायची सोय केली. त्यांच्या घरच्यांनी न सांगता कोऱ्या मडक्यात निराळा स्वयंपाक केला, तांदळाची भाकरी आणि तवसाची (पावसाळी जाड काकडीची) भाजी. मी दोनदा भाजी मागून घेतली. आमच्या आळीत हे कोणी वाचणार असेल तर वाचो.

जेवताना वाऱ्याच्या गोष्टी निघाल्या, आणि हा विषय या माणसाला शिकवायची गरज नाही हे माझ्या लगेच लक्षात आलं. त्यांचे आजोबा मुरूडचे, घरचं गलबत होतं. हिवाळ्यातल्या वाऱ्यावर ते अरबांच्या मुलखाकडे जात, पुढे आफ्रिकेकडेही उतरत आणि वारा फिरेपर्यंत तिकडेच बसून राहत. अब्बासभाईंची आजी त्या वाऱ्याला घरातल्या सवतीसारखी शिव्या घालायची. मी त्यांना म्हटलं, गलबताला लागतो तो खालचा वारा, आणि त्याच्या डोक्यावरून दुसरा उलटा चाललेला असतो. ते घास हातात धरून थांबले. मग म्हणाले, म्हणजे आमचा आजा घरी यायला निघायचा तेव्हा त्याच्या डोक्यावरून घरची हवा तिकडे जात असायची. मला दोन वर्षांत कचेरीत जे कोणाच्या गळी उतरवता आलं नव्हतं, ते त्यांनी भाजीच्या घासाबरोबर उतरवून घेतलं.

यंत्र मात्र त्यांच्याकडे नव्हतं. डोंगरउतारावरच्या कातकरवाडीतल्या पोशाला ते रानात सापडलं होतं. पोशाने फक्त चिठ्ठी पानात गुंडाळून बाजारात आणली आणि अब्बासभाईंनी ती वाचून दाखवली. यंत्र उघडू नये, कोरड्या जागी सुरक्षित ठेवावे, पोस्टात कळवावे. "मी त्याला तीन-तीनदा बजावलं, पाणी लागू देऊ नको. त्यानं मान हलवली," अब्बासभाई म्हणाले. मी निर्धास्त झोपलो.

सकाळी पोशा मला न्यायला आला. तिशीचा, काटकुळा, बोलणं जेमतेम. चिखलाच्या पायवाटेवर तो पुढे आणि मी मागे, घसरत. तो दर घसरणीला थांबायचा, पण वळून बघायचा नाही, मला लाज वाटू नये म्हणून. वाडीत सात-आठ खोपटं. कारवीच्या काठ्यांचे कूड (शेणामातीने लिंपलेल्या भिंती), वर गवताचं छप्पर. पोशाची आई बुधीबाई दारात उभी होती. केस पांढरे, अंगावर एक लुगडं, तेही गुडघ्यापर्यंत. तिने हसून मला आत बोलावलं आणि अभिमानाने वर बोट दाखवलं.

खोपटाच्या मध्यभागी चूल धडाडत होती. तिच्यावर हातभर उंचीवर कामट्यांचा माळा टांगलेला, आणि त्या माळ्यावर माझं यंत्र. पिंजऱ्यासकट काळं कुळकुळीत. मी हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

शून्याखालची थंडी मोजायला आभाळात पाठवलेलं ते यंत्र सोळा दिवस चुलीवर भाजत ठेवलं होतं! मला पुढचं काही दिसेना. आत सुई आहे, तिला जेवढी आच लागेल तेवढी ती फिरणार, आधीच्या रेघांवर नव्या रेघा मारणार, पत्री काजळणार, कदाचित डाग देऊन जोडलेले सांधेही सुटले असतील. दोन वर्षं, साहेबांचा शब्द, कचेरीतली चेष्टा, सगळं एकदम डोक्यात गेलं आणि मी ओरडलो. काय काय बोललो ते सगळं लिहायला लाज वाटते. एवढं लिहितो, कारण ते लपवणं बरं नाही: "तुम्हाला अक्कल आहे का? हे सरकारी यंत्र आहे, चुलीवर टांगायला सुकी मासळी नाही!"

बुधीबाईच्या तोंडावरचं हसू कुठल्या कुठे गेलं. पोशा खाली बघत होता. शेजारच्या खोपटातली माणसं दाराशी आली आणि तशीच मागे सरली. मी पंच्याने धरून यंत्र उतरवलं, बक्षिसाचे पैसे चुलीपाशी ठेवले आणि निघालो. तेव्हा ती माझ्यामागे दोन पावलं आली आणि हळूच म्हणाली, "पानी नाय लागलं ना रं त्याला?"

मी वळूनही न बघता वाट धरली.

उतरताना पोशा पुढे होता. ओढ्याशी पोहोचल्यावर, माझ्याकडे न बघता, त्याने सांगितलं. पावसात खोपटात कोरडी जागा एकच, चुलीवरचा माळा. "आमचा माळा येवढुसा. तुमचं यंतर ठेवायचं तर मासली काढावी लागली. आये म्हनली, काढ. मग मासलीला बुरा आला, टाकली." जाळ विझला तर माळाही ओला होतो, म्हणून म्हातारी सोळा दिवस चूल विझू देत नव्हती. रानातली ओली लाकडं आणायची, चुलीभोवती सुकवायची आणि जाळायची. तिचे डोळे धुराने सुजले होते, ते मी पाहिले होते आणि म्हातारपणाचे समजलो होतो.

भाद्रपद हा कातकऱ्यांचा भुकेचा महिना. भातकापणी लांब, मजुरी बंद, रानातले कडू कंद पुन्हापुन्हा उकडून खायचे दिवस. त्यासाठीच वळगणीची मासळी (पहिल्या पुरात ओढ्यांतून चढणारे मासे) पकडून, धुरावर सुकवून ठेवलेली असते. ती त्यांनी माझ्या यंत्रासाठी खाली काढली होती. हे ऐकून माझा राग उतरायला हवा होता. पण तो उतरला नाही, तो माझ्याकडेच वळू लागला, आणि ते मला अजिबात नको होतं. मी झपझप चालू लागलो आणि दोनदा आपटलो.

अब्बासभाईंच्या दुकानाच्या दारात, उजेडाला बसून, मी यंत्र उघडलं. अब्बासभाई शेजारी बसले. बाहेरचा पिंजरा काळा होता, पत्रीभोवतीची नळी काळी होती, आतली पत्री चकचकीत निघाली. भिंग लावलं. पत्रीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेकडे एक बारीक, अखंड रेघ गेली होती. कुठे तुटलेली नाही, कुठे खोडलेली नाही. फुगा जमिनीवरून सुटल्यापासून फुटेपर्यंतचं सगळं आभाळ तिच्यात होतं. आणि जिथून ती सुरू होत होती त्या कडेला, नखाच्या टोकाएवढा, रेघांवर रेघा चढून जाड झालेला एक उभा पट्टा होता. ती बुधीबाईची चूल.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मी स्वतःच्याच कपाळावर हात मारला. सुई आडवी सरकते ती हवा विरळ झाली तर. चुलीवर कितीही आच लागली तरी हवा जमिनीवरचीच. सुई तिथल्या तिथे वरखाली नाचत राहिली, आभाळाच्या रेघेपर्यंत ती जाऊच शकत नव्हती. इतकी वर्षं ही यंत्रं बांधणाऱ्या माणसाला हे तिथेच, त्या खोपटात उभ्या उभ्या सुचायला हवं होतं. आणि आधीच्या ओढ्यात पडलेल्या पत्र्या मला आठवल्या, हिरव्या गंजाने खाल्लेल्या, ज्यांच्यावर काही म्हणता काही वाचता आलं नव्हतं. ही पत्री वाचली होती ती फक्त त्या सोळा दिवसांच्या जाळामुळे.

मी अब्बासभाईंना सगळं सांगितलं, काय ओरडलो तेसुद्धा. त्यांनी भिंगातून पत्री पाहिली, परत दिली आणि म्हणाले, "मास्तर, उद्याची गाडी सोडा. वर जाऊन या."

मी तेच म्हणणार होतो, पण त्यांनी म्हटल्यावर बरं वाटलं. मग आयुष्यात पहिल्यांदा मी सुकी मासळी विकत घेतली. कोणती चांगली, ते मला कुठलं कळायला? अब्बासभाईंनी निवडून चांगली मोठी गाठोडी बांधली आणि वर खडेमीठ घातलं. सकाळी पोशाची वाट न बघता, छत्री एका हातात आणि गाठोडी खांद्यावर, असा मी एकटाच डोंगराकडे निघालो. वाटेत भेटलेल्या एका कारकुनाने मला वाकून नमस्कार केला आणि मग गाठोडीचा वास येऊन चपापला.

बुधीबाई खोपटात बसून कडू कंदाच्या चकत्या करत होती. मला पाहून ती उठली, घाबरली असावी. मी गाठोडी खाली ठेवली आणि वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं विसरलो. "बुधीबाय, माझं चुकलं," एवढंच म्हणालो. "पाणी नाही लागलं. तुमच्यामुळे नाही लागलं."

तिने गाठोडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. चुलीत एक लाकूड सारलं. मग म्हणाली, "भिजलाव किती. बसा जाळापाशी." तोवर पोशाही लाकडांची मोळी घेऊन आला आणि मला तिथे बसलेलं पाहून दारातच थबकला. आईने त्याला तिच्या बोलीत काहीतरी सांगितलं. तो हसला. एकदाचं कोणीतरी हसलं म्हणून मला हायसं वाटलं.

चुलीपाशी बसल्यावर माझ्या ओल्या पायांना गार लागत होतं. खाली पाहिलं तर दाराच्या उंबऱ्यावरून हवा जमिनीलगत आत येत होती, सरळ चुलीकडे. आणि चुलीचा धूर वर चढून, छपराखाली पसरून, दाराच्याच वरच्या भागातून बाहेर जात होता. एकाच दारातून खालून आत आणि वरून बाहेर. मी बघतच राहिलो. दोन वर्षं मी फळ्यावर खडूने बाण काढून काढून जे दाखवत होतो, ते या खोपटात रोज चाललेलं होतं. मी ते मायलेकांना सांगितलं. हा जाळ म्हणजे आपला तापलेला मुलूख, हे दार म्हणजे समुद्राची बाजू, पायांना लागतो तो पावसाचा वारा, आणि वरून चालला आहे तो ऊब घेऊन बाहेर जाणारा. तुमच्याकडे उतरलेला फुगा त्या वरच्या वाऱ्यातून आला.

बुधीबाईला यात नवल वाटलं नाही. "म्हनून तर दाराकं पाय करून आमी निजत नाय," ती म्हणाली.

मग मी पत्री काढली. भिंग कसं धरायचं ते तिला दाखवलं, दारातल्या उजेडाकडे तोंड करून बसवलं. ही लांब रेघ आभाळाची, हे टोक इतक्या वरचं की तिथे पाण्याचा दगड होतो. आणि कडेचा हा पट्टा तुमच्या चुलीचा, सोळा दिवसांचा. तिने एक डोळा मिटून, तोंड उघडं टाकून, खूप वेळ बघितलं. "येवढ्या लाकडांचा येवढाच?" ती म्हणाली. मी मोठ्याने हसलो आणि हसता हसता डोळे पुसले. धूर फार होता.

तिने आणखी एक विचारलं. ती वरची ऊब जाते ती शेवटी कुणाकडे जाते? मी सांगितलं, समुद्रापलीकडे, फार लांब, जिथे आत्ता थंडी आहे तिकडे. ती चकत्या करता करता थांबली. "त्या मानसांना ठावं हाय का, हितनं येते ती?"

नाही, मी म्हटलं, आम्हालाच अजून नीट ठाऊक नाही.

निघताना तिने मला पळसाच्या पानात बांधून उकडलेले कंद दिले. अब्बासभाईंची पायताणं मी परत करू लागलो तर त्यांनी घेतली नाहीत. कर्जतपर्यंत ओढे उतरलेले होते, गाडी वेळेवर मिळाली. डब्यात माझ्या खांद्याला मासळीचा वास येत होता, त्यामुळे ऐसपैस बसायला जागा मिळाली. कंद मी खंडाळ्याच्या पुढे खाल्ले. सात पाण्यांतून काढले तरी कडूपणा मागे राहतोच. ज्यांना ते महिनाभर खावे लागतात त्यांनी साठवणीची मासळी एका अनोळखी माणसाच्या नळकांड्यासाठी चुलीवरून उतरवली, हे त्या कडू घासाबरोबर पुन्हा नीट कळलं.

पत्रीची रेघ मोठी करून काढली. वर थंडी होतीच, पण हिवाळ्यातल्या फुग्यांच्या पत्र्यांवर त्याच उंचीला निघते तिच्यापेक्षा स्पष्ट कमी. पावसाने दिलेली ऊब खरोखर वर जात होती, आणि यंत्र उतरलं ते ठिकाणच सांगत होतं की ती कुठल्या दिशेला चालली आहे. नकाशा काढणाऱ्याने चुलीचा पट्टा रीतीप्रमाणे वगळला. साहेबांनी कागद दोनदा पाहिला आणि पावसाळी फुगे चालू राहतील म्हणून सांगितलं. सासूची चौकशी करणाऱ्या सहकाऱ्यांनी मला चहा पाजला. मी तो आनंदाने प्यायलो, खोटं कशाला बोलू.

मग साहेब म्हणाले, चिठ्ठी सुधारायला हवी. कोरड्या जागी ठेवावे, याच्यापुढे "चुलीपासून दूर ठेवावे" असं घाला. चुलीपासून दूर म्हणजे त्या खोपटांत पागोळीखाली, ओल्यात. आम्ही हे छापलं तर माणसं तेही तंतोतंत पाळतील. मी साहेबांना म्हटलं, ती ओळ नको, त्याऐवजी दुसरी घालू द्या, आणि कागदावर लिहून पुढे केली. त्यांनी वाचली आणि चष्मा काढून मला विचारलं, हे काय आहे? मग मी त्यांना सगळं सांगितलं. कचेरीत पहिल्यांदा मी वाऱ्याविषयी न बोलता अर्धा तास बोललो. साहेबांनी आपली ओळ स्वतःच्या हाताने खोडली.

नव्या चिठ्ठ्या कालच छापून आल्या. यंत्र उघडू नये, कोरड्या जागी सुरक्षित ठेवावे, पोस्टात कळवावे, आणि त्याखाली माझी ओळ: "यंत्र ठेवण्यासाठी घरातले खाण्याचे जिन्नस हलवू नयेत." कुठल्यातरी बाजारात ती वाचून दाखवताना कोणी हसेल. हसू दे. पुढच्या पावसाळ्यात फुगा कोणाच्या दारी उतरेल ते वरच्या वाऱ्याच्या हातात आहे. ज्याच्या दारी उतरेल त्याने आमच्यापायी उपाशी राहू नये, एवढं लिहिणं माझ्या हातात होतं, आणि ते मला एका म्हातारीवर ओरडल्यावर सुचलं.